बापाची जागा

"बाप, पदर खोच आणि डावीकडे सरक," चौगुले सर तिसऱ्या रांगेतून ओरडले.

मी पदर खोचला आणि डावीकडे सरकले. बाप म्हणजे मी. उंची पाच फुटांच्या आतली, दिवसा सूतगिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट आणि संध्याकाळी कन्याशाळेच्या सभागृहात एक करारी, निवृत्त मामलेदार. समोर माझी मुलगी उभी होती, म्हणजे वृषाली. ती माझ्याहून हातभर उंच. माझ्या डोक्यावरच्या भांगाकडे बघत ती म्हणाली, "बाबा, तुमच्या सावलीत आम्ही खुरटलो!" आणि माझा मुलगा अजित तोंडावर हात दाबून भिंतीकडे वळला.

"हसायचं नाही," सर म्हणाले. "तिथं मी आहे असं समजा."

विद्याधर चौगुले म्हणजे आमच्या इचलकरंजीच्या 'अथांग' नाट्यसंस्थेचे संस्थापक, लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट. हँडबिलावर त्यांचं नाव पाच वेळा यायचं. पाचव्यांदा ते 'संकल्पना' या शब्दासमोर असायचं. नेपथ्यही ते स्वतःच्या नावावर घेणार होते, पण खिळे ठोकायला माणसं लागतात आणि त्या माणसांना निदान हँडबिलावर नाव हवं असतं, म्हणून तेवढं राहिलं.

आता लेखक, दिग्दर्शक आणि नट एकच असला की एक अडचण येते. तो रंगमंचावर चढला तर खालून बघणार कोण? सरांनी यावर उपाय काढला होता. तालमीत त्यांच्या जागी डमी उभा करायचा, स्वतः तिसऱ्या रांगेत बसून नाटक बसवायचं आणि थेट प्रयोगाला वर चढायचं. "माझं काम माझ्या डोक्यात तयार आहे," ते म्हणत. डोक्यात काय आहे हे बघायला कुणी आत शिरू शकत नव्हतं, त्यामुळे वादच मिटला.

मी त्यांच्याकडे आले ती खरं तर नायिका व्हायला. सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. आपादमस्तक म्हणजे माझ्या बाबतीत फारसं अंतर नाही. मग म्हणाले, "शैला, तुझ्यात नाटक आहे. उंची नाही. पुढच्या वर्षी बघू." तेव्हापासून दरवर्षी मी त्यांची डमी. त्यांच्या जागी मी देशभक्त झाले, वेडा चित्रकार झाले, एकदा तर धृतराष्ट्र झाले. अभिनयाची हौस हळूहळू फिटली आणि दुसरीच लागली. रोज मध्यभागी उभं राहून चारी बाजूंना बघत राहिलं की कोण कुठं असायला हवं ते दिसायला लागतं. मला एक नाटक बसवायचं होतं. माझं. तिसऱ्या रांगेत बसून. एकदा हे मी सरांना सांगितलंही. ते प्रेमळपणे हसले आणि म्हणाले, "नाटक बसवणं म्हणजे स्वेटर विणणं नव्हे गं." मला स्वेटरही विणता येत नव्हता, पण ते सांगायचं राहून गेलं.

त्या वर्षीचं नाटक होतं 'मधला खांब'. घराचा आधार असलेला बाप, त्याच्याभोवती फिरणारी कृतघ्न मुलं, आणि बापाची चौदा मोठी भाषणं. रंगमंचावर मधोमध प्लायवूडचा खांब, त्याला टेकून बापाची खुर्ची. अर्थ कुणाच्या लक्षात आला नाही असं व्हायला नको म्हणून सरांनी खांबाला आणि बापाच्या सदऱ्याला एकच रंग दिला होता.

आंतरजिल्हा स्पर्धेची पहिली फेरी आमच्याच गावात होती, प्रयोग सकाळी अकराला. आदल्या दिवशी रंगीत तालीम होती, पण सर एका दैनिकाला मुलाखत द्यायला गेले होते. विषय होता 'मधल्या खांबामागची माझी भूमिका'. त्यामुळे भूमिका कुठं उभी राहणार हे बघायचं राहिलं. प्रकाशयोजनावाल्या तारदाळेनं मला उभं करून सगळे दिवे बांधले.

"बाई, ह्यो उजेड तुमच्या तोंडावर पडतोय. सर तर सहा फुटी हाईत की."

"सरांनी काय सांगितलंय?"

"डमीवर बांध म्हणाल्यात."

"मग बांधा."

दुसऱ्या दिवशी तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. बाप सकाळचा फेरफटका मारून घरी येतो, असा पहिला प्रवेश. वृषाली पाण्याचा तांब्या घेऊन डावीकडच्या दाराशी उभी राहिली. आणि सर, पायात बूट, हातात काठी, उजवीकडून, म्हणजे स्वयंपाकघरातून बाहेर आले. दार डावीकडे हलवायचं त्यांनीच ठरवलं होतं. पण ठरवलं ते दिग्दर्शकानं. नटाला ते कुणी कळवलं नव्हतं.

तिथून पुढं दीड तास मी विंगेत उभी राहून जे बघितलं ते विसरणं शक्य नाही. सर जिथं जात तिथं अंधार. जिथं उजेड पडे तिथं माणूस नाही. चुकून दोन्ही जुळलं की सरांच्या सदऱ्याचं तिसरं बटण लखलखायचं आणि त्याच्या वर कुठंतरी काळोखातून भाषण ऐकू यायचं. अजित बापावर चिडला तो खांबाशेजारच्या रिकाम्या जागेवर, कारण दोन महिने मी तिथं उभी होते आणि त्याचे हातपाय आपोआप तिकडंच वळले. आईचं काम करणाऱ्या हुपरेकाकूंनी चहाचा कप माझ्या उंचीला धरला, तो सरांच्या पोटाला लागला. दुसऱ्या अंकात वृषालीनं रिकाम्या खुर्चीच्या हातावर डोकं ठेवलं आणि ती ओक्साबोक्शी रडली. तिकडं लांब, अंधारात, सर आशीर्वादाचा हात वर करून उभे. डोकं काही हाताखाली आलं नाही. हात तसाच वर राहिला आणि पडदा पडला.

मग टाळ्या, आणि त्या थांबेनात. सरांना टाळ्या ऐकू आल्या नसाव्यात. ते विंगेत तारदाळेची गचांडी धरायला निघाले होते.

"आंधळा आहेस काय रे? माझं तोंड दिसलं नाही कुणाला!"

तेवढ्यात परीक्षकांपैकी एक आत आले. नियमाप्रमाणे त्यांनी यायचं नसतं, पण त्यांना राहवलं नव्हतं. डोळे ओले होते. "चौगुले, बाप घरात आहे आणि कुणालाच दिसत नाही. त्याच्या जागेशी सगळे बोलतात, त्याच्याशी कुणी बोलत नाही. हे सुचलं कसं हो तुम्हाला?"

सरांनी तारदाळेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. तारदाळेची कॉलर सोडली, नीट केली, आणि डोळे अर्धे मिटून म्हणाले, "सुचत नाही हो असं. आत साचत जातं."

निकालात दिग्दर्शनाचं पहिलं पारितोषिक सरांना आणि नाटक अंतिम फेरीत. त्यानंतर पंधरवडाभर गावात सत्कारांची साथ आली. पतसंस्थेनं शाल दिली, महिला मंडळानं नारळ दिला, कॉलेजनं व्याख्यान ठेवलं. विषय होता 'अनुपस्थितीचं व्याकरण'. ते भाषण मीच टाइप केलं. त्यात लिहिलं होतं की प्रकाश जाणीवपूर्वक नटाच्या छातीवर ठेवण्यात आला, कारण बापाला चेहरा नसतो, फक्त छाती असते.

पण अंतिम फेरीच्या तालमी सुरू झाल्या आणि खरी पंचाईत झाली. आता सर स्वतः उभे राहू लागले. आता त्यांना सगळं माहीत होतं. दार कुठं, खुर्ची कुठं, उजेड कुठं. आणि माहीत असलेल्या माणसाला चुकता येत नाही. मग सरांनी चुका बसवायला घेतल्या. "या वाक्याला मी ठरवून अंधारात जाणार. इथं वृषाली, तू ठरवून माझ्याकडे बघू नकोस." सर अंधारात जात आणि तिथून वळून बघत, आपण अंधारात आहोत हे सगळ्यांना दिसतंय ना म्हणून. लग्नाच्या हॉलबाहेर माणूस आपल्या चपला शोधतो तसं ते आख्ख्या रंगमंचावर फिरत होते. वृषाली न बघण्याचा अभिनय करायची म्हणजे मान अशी फिरवायची की मागच्या रांगेतल्यालाही कळावं.

आमच्याकडे सरांना तोंडावर सांगायची पद्धतच नव्हती. शेवटी मीच म्हणाले, "सर, खोटं वाटतंय."

सर हळूहळू रंगमंचाच्या कडेला आले.

"खोटं? मला पारितोषिक मिळालंय याचं."

"ते चुकलं होतं तेव्हाचं आहे. आता तुम्ही चुकत नाही, चुकल्यासारखं करता."

"अस्सं." सर सगळ्यांकडे बघून हसले. "शैलाबाईंना दिग्दर्शन कळायला लागलं. मग बाई, आणून दाखवा अंतिमला पहिला नंबर. आणलात तर पुढचं नाटक तुम्ही बसवायचं. अथांगचं. हे मी सगळ्यांच्या देखत सांगतोय."

सगळे हसले. मी हसले नाही. मला तेवढंच हवं होतं, आणि ते त्यांनी सगळ्यांच्या देखत दिलं होतं, चेष्टेत का होईना.

पुढच्या आठवड्यात सरांचे लागोपाठ सत्कार होते. एक जयसिंगपूरला, एक कागलला, एक त्यांच्या सासुरवाडीला. जाताना ते मला म्हणाले, "मी नसताना तालीम चालू ठेव. डमी उभी राहा." मी म्हटलं, "राहते की."

आणि राहिले. फक्त जुन्या जागांवर नाही. खुर्ची खांबापासून काढून खिडकीपाशी नेली. बापाची काठी ठेवायची जागा बदलली. पहिल्या भांडणाला अजितला उलट्या बाजूला वळवलं, रडण्याच्या प्रवेशाला वृषालीला पार पुढं आणलं. मी नव्या जागांवर उभी राहिले आणि पोरं माझ्याशी बोलत राहिली. तीन संध्याकाळींत त्यांची पावलं नव्या जागांना सरावली. शब्द एकही बदलला नाही. शब्द सरांचे होते.

"शैलाताई, सर जीव घेतील," वृषाली म्हणाली.

"प्रयोग संपल्यावर घेऊ दे."

"पण मी नक्की कुणाशी बोलायचं? सर दुसरीकडे असले तर?"

"जागेशी बोल. बापाशी बोलायची सवय आहे का या घरातल्या कुणाला?"

ती म्हणाली, "आमच्याही घरात नाही," आणि त्या दिवशी तिनं तो प्रवेश असा केला की हुपरेकाकू डोळे पुसत खाली उतरल्या.

तारदाळेला मी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्यानं सगळे दिवे माझ्या नव्या जागांवर, माझ्या उंचीला घेतले. मग शिडीवरूनच विचारलं, "सरांस्नी सांगितलासा काय?"

"नाही."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि शेवटचा स्क्रू आवळला.

सर परत आल्यावर त्यांच्यासमोर आम्ही जुनंच नाटक केलं, जुन्याच जागांवर, जुन्याच उजेडात. सर खूश होते. माझ्या बोलण्याचा पोरांवर परिणाम झाला नाही हे बघून त्यांना फार बरं वाटलं असावं.

अंतिम फेरी परगावी, मोठ्या नाट्यगृहात, दुपारी चारला. तारदाळेनं तिथले दिवे सकाळीच माझ्या नव्या जागांवर बांधून ठेवले होते. पडदा उघडला. सर या वेळी बरोबर दारातून आले. तांब्यातलं पाणी प्यायले, रुबाबात खांबाकडे गेले आणि न बघता बसायला खाली वाकले. खुर्ची तिथं नव्हती. ते पडले नाहीत. अर्धे वाकलेले तसेच राहिले, मग सावकाश सरळ झाले आणि घराकडे बघू लागले. पुढच्या वाक्याला त्यांना पाच सेकंद लागले असतील. चौदाही भाषणं त्यांनी म्हटली, पण छाती काढून म्हणायला पायाखाली जागा पक्की लागते. ती त्यांना सापडत नव्हती, म्हणून आवाज आपोआप खाली आला. ते मुलाच्या तोंडासमोर जायचे तोवर मुलगा दुसरीकडे बोलून मोकळा व्हायचा. काठी शोधायला त्यांनी तीनदा हात लांबवला. तिसऱ्यांदा हात परत घेताना त्यांनी तो सदऱ्याला पुसला, आणि तो सहा फुटी माणूस एकदम म्हातारा दिसला.

दुसऱ्या अंकात एक वाक्य होतं, "या घरात माझी जागा कुठली?" संहितेत त्यापुढं कंसात 'गर्जना' असं लिहिलेलं होतं. ते वाक्य आलं तेव्हा सर प्रेक्षकांकडे वळलेच नाहीत. ते विंगेकडे वळले. मी तिथं उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघून, अगदी हळू, खरंच विचारलं, "या घरात माझी जागा कुठली?"

मी बोट दाखवलं असतं तर ते दोन पावलांत उजेडात आले असते. मी हात पदरात गुंडाळून घेतले. मला भडभडून आलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला सरांची दया आली नाही, त्या बापाची आली. दोघं वेगळे राहिलेच नव्हते ते सोडा. सरांनी अजून क्षणभर वाट बघितली आणि मग ते आपणहून अंधारात जाऊन उभे राहिले. वृषाली खिडकीपाशी, रिकाम्या खुर्चीशी बोलत होती.

दुसऱ्या दिवशी निकाल. नाटक पहिलं. दिग्दर्शन पहिलं, विद्याधर चौगुले. अभिनयाचं पदक, विद्याधर चौगुले. लेखन मात्र दुसरं, आणि त्यावर सर परतीच्या बसमध्ये पहिला अर्धा तास बोलत होते. मग ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"खुर्ची तू हलवलीस."

"हो."

"मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्हाला सापडली असती."

त्यांच्या मांडीवर ढाल होती, दोन्ही हातांनी धरलेली. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी म्हणेल. ते म्हणालेही. "पुढचं नाटक डोक्यात तयार आहे. मोठं आहे. बुद्ध."

"पुढचं मी बसवायचं ठरलंय ना सर?"

"कधी?"

"सगळ्यांच्या देखत."

"अगं, ते तालमीतलं बोलणं," सर इतके मनापासून हसले की मला राग यायलाही वेळ लागला. "पण तुझं मोल मला कळलंय बरं का. यापुढं डमी म्हणून तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला उभं करणार नाही. शब्द देतो."

बस हातकणंगल्याला थांबली तेव्हा मी खाली उतरून चहा प्यायले. राग तेव्हा आला. चांगला दणकून आला, आणि तो माझ्या फार कामाला आला.

त्यांच्या बुद्धाला मी गेले नाही. ऐकलं ते असं, की प्रयोग अगदी बिनचूक झाला. बुद्ध उजेडात होता, शिष्य जागच्या जागी होते, बोधिवृक्ष हलला नाही. पेपरात आलं, 'नेटका प्रयोग'. आमच्यात हे शब्द माणूस गेल्यावर घरच्यांशी बोलतात त्या आवाजात उच्चारतात. हळूहळू वृषाली माझ्याकडे आली, मग अजित, मग हुपरेकाकू, आणि तारदाळे तर आधीच येऊन दिवे मोजत बसला होता. संस्थेला नाव द्यायचं राहिलं होतं. आम्ही तालमीलाच लागलो, त्याच कन्याशाळेत.

माझं नाटक एका आईचं होतं. हुपरेकाकू आपल्या मुलांना जेवायला घालून, ती गिरणीत शिफ्टला गेल्यावर यायच्या, तोवर तालीम अडायची. अशाच एका संध्याकाळी सभागृहाच्या दारात चौगुले सर उभे दिसले. शाळेनं बोलावलेल्या पालकासारखे, आत यावं की नाही अशा विचारात.

"चाललंय?" त्यांनी विचारलं.

"चाललंय. या ना सर."

ते आत आले. तिसऱ्या रांगेत मी बसले होते. ते दुसऱ्या कुठल्या रांगेत बसले नाहीत, उभेच राहिले. "आमच्याकडे हल्ली कुणी येत नाही," ते भिंतीवरच्या सुविचाराकडे बघत म्हणाले. "म्हटलं, तुझ्याकडे काही असलं तर. छोटं असलं तरी चालेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्षभर मी एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं, ते आता म्हणायचं होतं.

"हुपरेकाकू यायच्यात. तोवर डमी हवाय."

वाक्य बाहेर पडलं आणि मला त्यात काही म्हणता काही गोडी वाटली नाही. सरांनी चष्म्याची काच सदऱ्याला पुसली. मला वाटलं आता ते जातील. त्यांनी दाराकडे बघितलं, रंगमंचाकडे बघितलं, मग चपला काढून एका बाजूला नीट जोडीनं ठेवल्या आणि वर चढले. वृषालीनं त्यांच्या हातात संहिता दिली. ते मध्यभागी गेले नाहीत. कडेलाच थांबून, माझ्याकडे वळून, त्यांनी विचारलं, "मी कुठं उभं राहू?"

हे त्यांनी आयुष्यात दुसऱ्यांदा विचारलं होतं. या वेळी मी हात मोकळे ठेवले.

"आई," मी तिसऱ्या रांगेतून म्हणाले, "पदर खोचा आणि थोडं डावीकडे सरका."

सहा फूट उंचीचे चौगुले सर क्षणभर थांबले. मग त्यांनी सदऱ्याचं टोक उचललं, कमरेला नीट खोचलं आणि डावीकडे सरकले. कुणी हसलं नाही.

"इथं?"

"इथं," मी म्हटलं.